फुंकणी बसवलेली गाडी

पाय उचलला की गाडीचा जोर ओसरतो, हे चालवणाऱ्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याचा कुणी विचारही करत नाही. माझ्या गाडीत मात्र पाय उचलणं आणि जोर ओसरणं यांच्यामध्ये एक फट होती. त्या फटीत गाडी माझी नसायची. रोज सकाळी बदलापूरहून अंबरनाथला मी ती गाडी न्यायचो, आणि माझ्या डाव्या हाताला माझी बायको बसलेली असायची. तिला दिवस गेले होते. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं. तेव्हा मला कशाची भीती वाटत होती हे वेगळं सांगायला नको.

मी बारदानाचा धंदा करत असे. रिकामी पोती घ्यायची, झटकायची, फाटकी शिवून घ्यायची आणि भातगिरण्यांना विकायची. माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर राबले. मला कुणी भांडवल दिलं नाही की ओळख दिली नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासितांची वस्ती झाली, तिचं उल्हासनगर झालं, तिथे रेशनचं धान्य पोत्यांनी उतरू लागलं, आणि कुणालाच नको असलेली रिकामी पोती मी उचलायला लागलो. सिंधी दुकानदाराशी भाव करायला मी तिथल्या कॅम्पातच शिकलो. तो पहिला भाव सांगतो तेव्हा हसायचं, दुसरा सांगतो तेव्हा उठायचं, आणि तिसऱ्यासाठी त्याने हाक मारेपर्यंत मागे वळून बघायचं नाही.

लष्कराने सामान मोडीत काढलं तेव्हा मी आणि माझा भागीदार, दोघांनी मिळून एक लॉट घेतला. भागीदार माझ्याहून वयाने मोठा, गावातलाच. लॉटमध्ये एक लॉरी होती आणि एक दोन माणसांची छोटी इंग्रजी गाडी. कापडी छप्पर, तारांची चाकं, लांब नाक. कुणा तरुण अधिकाऱ्याने शर्यतीची हौस म्हणून आणलेली असावी. बोली मी लावली, घासाघीस मी केली, आणि माझा डोळा होता लॉरीवर. आमच्याकडे वाटणीचा एक नियम आहे. एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. भावाभावांत शेत वाटताना हाच नियम आणि नदीवर मासळी वाटतानाही हाच. माझ्या भागीदाराने वाटे पाडले आणि त्यानेच आधी उचललंही. मी वांगणीला एका गिरणीत माल पोचवायला गेलो होतो. परत आलो तर लॉरी त्याच्या दारात आणि ही गाडी माझ्या दारात. नवीन लग्न झालंय, तुला शोभेल, असं वर त्याने सांगितलं. मी त्याच्या दारात उभा राहून काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. भागी त्याच दिवशी मोडली. ती गोष्ट मी आजही विसरलेलो नाही, आणि विसरावी असं मला वाटतही नाही.

गाडी विकून टाकावी म्हटलं तर घेणारे ती लोखंडाच्या भावाने मागत होते. मग मी तीच वापरायला काढली. मागच्या बाजूला पोत्यांचे गठ्ठे बांधायचे, कॅम्पात जायचं, यायचं. बायको अंबरनाथच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. आधी ती आगगाडीने जायची. पहिलं मूल गेल्यावर माझ्या आईने ठरवून टाकलं की फलाट खाली आणि डबा वर, त्या दांड्याला लोंबकळून चढण्यानेच ते झालं. लेडी डॉक्टर तसं काही म्हणाली नव्हती. पण आईपुढे डॉक्टरचं कुठलं चालायला? नोकरी सोडायला बायको तयार नव्हती आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो. माझ्या धंद्याला भरती-ओहोटी होती, तिचा पगार ठरलेला होता. त्यामुळे दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आईने फर्मान काढलं की सूनबाई गाडीने जाईल.

गाडी पाहायला देखणी, पण इंजिन दमलेलं. अंबरनाथच्या अलीकडे एक चढ होता. दोन माणसं आणि गठ्ठे घेऊन ती त्यावर अर्ध्यात मान टाकायची. मग बायकोला खाली उतरावं लागे. मी गाडी मागे घेऊन पुन्हा वेग धरायचो आणि ती पदर डोक्यावर घेऊन बाजूने चालत चढायची. अशीच ती एकदा कडेला उभी असताना मागून भागीदाराची लॉरी आली. तो स्वतः चालवत होता, मागे हमाल बसलेले. लॉरी थांबवून तो म्हणाला, "वहिनी, या वर. शेठची बाहुलीची गाडी आपण दोरी बांधून आणू मागून."

हमाल हसले. बायकोने त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या लॉरीची पायरी फार उंच आहे, भाऊजी. आणि दोरी एक दिवस तुमच्याच लॉरीला लागेल."

लॉरी धूळ उडवत गेली. बायको पदराने तोंड पुसत होती. तिला शाळेत सोडलं आणि मी थेट कॅम्प नंबर तीनमध्ये माझ्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो.

हा मिस्त्री सिंधी, कराचीच्या बंदरावर इंजिनं दुरुस्त करून आलेला. बराकीच्या पडवीला पत्रे ठोकून त्याने दुकान थाटलं होतं. भावाला माझ्याइतकाच चिवट. मी त्याला म्हटलं, चढावर न थांबणारी गाडी कर. त्याने आतून एक पेटी ओढून काढली. तीत कड्याकड्यांचं अॅल्युमिनियमचं एक भांडं होतं, साधारण मोठ्या डब्याएवढं, एका टोकाला पट्ट्याची चाकी. सोबत वाकडा पाईप, एक मोठा कार्ब्युरेटर, तेलाची बारीक नळी, पट्टे, बोल्ट. मला वाटलं पाण्याचा पंप. तो म्हणाला, "चूल्हे में फूंक मारते हो ना, साईं? ये इंजिन की फुंकणी है." इंजिनाच्याच जोरावर चाकी फिरणार, चाकीने भांड्यातल्या पात्या फिरणार, आणि त्या हवा आणि पेट्रोल कोंबून आत ढकलणार. छोटं इंजिन मोठ्यासारखं ओढणार. विलायतेत म्हणे लोक रोजच्या गाडीला हे बसवून ऑफिसात जातात.

दुपारभर आमचा भाव चालला. तो एका आकड्याच्या खाली येईना. तेव्हा मी माझी नेहमीची युक्ती काढली. आपल्याकडे जुनं दिल्याशिवाय नवं कोण घेतं? बायका जुन्या साड्यांवर भांडी घेतात, मी फाटक्या पोत्यांवर धड पोती घेतो. फुंकणी बसली की गाडीचे जुने दोन कार्ब्युरेटर आणि त्यांचा पाईप रिकामे होणार होते. ते तू ठेव आणि बसवायची मजुरी सोड, असं मी म्हटलं. त्याने जरा विचार केला आणि हात पुढे केला. मी खुशीत होतो. माझ्या लेखी ते भंगार होतं आणि भंगारावर मी मजुरी वाचवली होती. बदलापुरात येऊन दहा जणांना सांगितलंही.

गाडी तयार झाली तेव्हा पहिल्याच वळणावर कळलं की आवाज बदललाय. इंजिनाच्या नेहमीच्या आवाजावर आता एक बारीक शीळ चढली होती. पाय दाबला की शीळ वाढे, आणि पाठीत कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तशी गाडी पुढे जाई. कॅम्पातून बदलापूरपर्यंत मी एकटाच होतो. घरी पोचलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. आईने नारळ फोडला, पुढे लिंबू-मिरची बांधली. बायकोने विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, घोडा आहे घोडा.

दुसऱ्या दिवशी चढावर गाडी थांबली नाही. थांबली तर नाहीच, पण चढावर पुढे लॉरी होती आणि मी तिला मागे टाकलं. तो क्षण मी किती महिने मनात घोळवला होता. लॉरीच्या बाजूने जाताना मान वर करून भागीदाराकडे बघायचं, हेही ठरलेलं होतं. पण मी बघू शकलो नाही, कारण माथ्यावर पोचताच समोर बायका दिसल्या. बारवीकडच्या पाड्यांवरच्या कातकरी बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन बाजाराला निघाल्या होत्या, रस्ताभर पसरून. मी पाय उचलला. गाडी पुढेच ढकलत राहिली. ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा कुठे ती वाकडी होत होत थांबली. बायका सैरावैरा झाल्या, एकीची मोळी सुटून लाकडं रस्त्यावर पसरली. ती माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

"डोलं फुटलं का रं तुजं? बायकू बसलीय बाजूला, पोटुशी. तिची तरी लाज धर."

बायकोला दिवस गेलेत हे पाड्यावरच्या बाईला एका नजरेत कळलं होतं. मी काही बोललो नाही. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दार उघडून ती खाली उतरली आणि वाकून लाकडं गोळा करायला लागली. मी तिला वाकू नको म्हणायला हवं होतं. तेही माझ्या तोंडून निघालं नाही. हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

त्या दिवसापासून मी भ्यायला लागलो. तोपर्यंत मी कशाला भ्यालो नव्हतो असं नाही. पण ती भीती आली की मी चिडायचो, कुणाशी तरी भांडायचो आणि ती जायची. ही जाईना. गाडी सुरू केली की शीळ ऐकू यायची. रस्त्यावरची प्रत्येक शेळी, पाटी घेऊन धावणारं प्रत्येक पोर, कडेला बसलेला प्रत्येक कुत्रा मला आधीच चाकाखाली दिसायचा. आणि ते टळलं की नजर आपोआप डावीकडे बायकोच्या मांडीवरच्या हातांकडे जायची. एखाद्या खड्ड्यात गाडी आदळली तर ती ओठ आवळायची. दुखलं का, असं मी विचारायचो. ती नाही म्हणायची. तेवढ्याने माझं समाधान होत नसे.

मिस्त्रीकडे जाऊन तक्रार केली. त्याचं म्हणणं, पाय उचलला तरी नळीत भरलेली फुंक आधी संपली पाहिजे, ती संपेपर्यंत गाडी ओढणारच. त्याने पेडलची स्प्रिंग कडक करून दिली. थोडा फरक पडला. ब्रेकचं काय, असं विचारलं तर म्हणाला, ब्रेक आधी होता तोच आहे, ब्रेकला थोडीच फुंकणी बसवली. हे त्याने बसवायच्या आधी का सांगितलं नाही, यावरून मी त्याच्या दुकानात बरीच आरडाओरड केली. त्याने शांतपणे विचारलं की तू चढाचं बोलला होतास, उताराचं कधी बोलला होतास?

मग मी हळू चालवून पाहिलं. बैलगाडीच्या मागे बैलगाडीसारखं जायचं, शीळ वाजू द्यायची नाही. त्याचंही एक निघालं. फुंकणीच्या पात्यांना तेल पाजावं लागे, ते तेल पेट्रोलाबरोबर इंजिनात जाई. गाडी जोरात पळवली तर जळून जाई, हळू चालवली तर प्लगवर काजळी धरून बसे. आठवडा सरायच्या आत गाडी त्याच चढावर बंद पडली, बायको त्याच कडेला पदर घेऊन उभी राहिली, आणि मी रस्त्यावर बसून प्लग घासत होतो. लॉरी बाजूने गेली. भोंगा वाजला. म्हणजे पळवली तर मरण आणि न पळवली तर शोभा.

तिला टांग्याने पाठवता आलं असतं. आगगाडीने पाठवायला आईलाही समजावता आलं असतं. पण त्यासाठी मला कुणाला तरी काहीतरी सांगावं लागलं असतं. बाजारात मीच सांगत फिरलो होतो की विलायतेत ऑफिसात जायला लोक असली गाडी वापरतात. आता काय सांगणार होतो?

एकच मार्ग होता. फुंकणी काढायची. आणि ती काढायची तर तिच्या जागी जुने दोन कार्ब्युरेटर आणि पाईप परत हवे. नुसते पट्टे काढून भागत नव्हतं. पात्या फिरल्या नाहीत तर इंजिनाला श्वासच मिळेना, तेही मी करून पाहिलं होतं. आणि जुना माल मी माझ्या हाताने, माझ्या हुशारीने देऊन बसलो होतो.

मिस्त्रीच्या दुकानात मागच्या फळीवर तो माल वर्तमानपत्रात गुंडाळलेला दिसत होता. मी इकडचं तिकडचं बोललो. मग सहज म्हटलं की तो जुना माल पडलाय का अजून, पुण्याचा एक माणूस विचारत होता. मिस्त्री हसला. त्या पुण्याच्या माणसाला इकडे पाठव म्हणाला. मी भाव विचारला. त्याने जो सांगितला त्यावर माझ्या नियमाने मी उठायला हवं होतं, पण मी उठलो नाही, आणि नको तिथे बसून राहिलो हे दोघांनाही कळलं. बारदानाच्या धंद्यात मी समोरच्याची गरज त्याच्या बसण्यावरून ओळखायचो. आज माझी गरज तो बघत होता.

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "सच बोल, साईं. किसलिए चाहिए? सच बोलेगा तो मैं भाव ही नहीं बोलूंगा."

दोन शब्दांचं काम होतं. कुणी ऐकायला नव्हतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. मी त्याला चोर म्हटलं, सगळ्या कॅम्पाला चोर म्हटलं, दारातला तेलाचा डबा लाथेने उडवला आणि निघून आलो. तो दारात येऊन बघत उभा राहिला. माझ्यावर रागावलासुद्धा नाही.

आणि मग फाटकाचा दिवस आला.

अंबरनाथच्या अलीकडे रस्ता रेल्वेचे रूळ ओलांडतो. आमच्या बाजूला गाड्या विजेवर चालतात. धूर नाही की लांबून दिसावं, धडधडही अगदी जवळ आल्यावरच. सकाळची वेळ होती. बायको त्या दिवशी गप्प होती. फाटक उघडं दिसत होतं आणि प्लग तापवायचे म्हणून मी पाय जरा दाबून ठेवला होता. फाटकवाला लाल निशाण घेऊन बाहेर आला आणि त्याने फाटक ओढायला घेतलं. मी पाय उचलला.

ती फट. मी तीत किती वेळ होतो ते मला सांगता येणार नाही. शीळ उतरत होती आणि गाडीचा वेग उतरत नव्हता. फाटकाच्या लोखंडी पट्ट्या मोठ्या होत गेल्या. मागचे गठ्ठे सरकून माझ्या खांद्यावर आदळले. ब्रेक लागला, चाकं खडीवर घसरली, पुढच्या दिव्याची काच फुटल्याचा आवाज आला आणि गाडी फाटकाला टेकून थांबली. फाटक हाललं, पण टिकलं. लगेच पलीकडून मालगाडी आली. तिचा वारा तोंडावर लागला. एकामागून एक डबे जात होते आणि मी ते बघत बसलो होतो.

मग मी डावीकडे पाहिलं. बायकोने आधार धरायला समोर हात टेकले नव्हते. दोन्ही हात पोटावर होते.

मागे लॉरी येऊन उभी राहिली होती. भागीदार उतरून चालत आला. आता हा काय बोलेल ते ऐकायची माझी तयारी होती. खरं तर त्याने बोलावं असं मला वाटत होतं. तो बोलला नाही. इंजिन अजून चालूच होतं, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याने माझ्या अंगावरून हात घालून चावी फिरवली. मग पलीकडे जाऊन बायकोला विचारलं, "वहिनी, पाणी आणू?" तिने मान हलवली. लॉरीतून त्याने तांब्या आणला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, मला लाज वाटू नये म्हणून. हे मी त्याला वाटणीपेक्षाही कमी माफ केलंय. हसला असता तर मी त्याला तिथेच धरला असता.

मालगाडी गेली. फाटकवाल्याने आम्हाला सोडलं, वर चार शब्द सुनावले. गाडी पुढे काढताना बायको हळूच म्हणाली, "सकाळपासून हललं नाही."

मी विचारलं, काय?

"पोटात. सकाळी उठल्यापासून हललं नाही. आधी वाटलं, निजलं असेल."

अंबरनाथच्या बाजारपेठेत लेडी डॉक्टरचा दवाखाना होता. बायको आत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसलो. पडद्याच्या खालून डॉक्टरीणबाईंच्या चपला दिसत होत्या, त्या हलत नव्हत्या. म्हणजे त्या वाकून ऐकत होत्या. ऐकायला इतका वेळ का लागतो? काड्यापेटीच्या कारखान्याचा भोंगा झाला आणि मला वाटलं, आता यांना ऐकू येणार नाही, आता पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागेल. मी देवाशी भाव करणारा माणूस नाही. पण त्या बाकावर मी गाडी देऊ केली, धंदा देऊ केला, भागीदारावरचा रागसुद्धा देऊ केला. समोरून कुणी काही सांगत नव्हतं. ज्यात घासाघीस करता येत नाही असा तो एकच सौदा मी केला.

चपला हलल्या. बाई पडदा सारून बाहेर आल्या आणि म्हणाल्या की ठोके चांगले आहेत, मूल वळून बसलंय म्हणून आईला जाणवत नसेल, पण तुम्ही यांना आणता कशाने? मी बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवलं. फुटक्या दिव्याच्या त्या गाडीकडे बाईंनी पाहिलं आणि मग माझ्याकडे. पुढे त्या जे बोलल्या ते मी मान खाली घालून ऐकलं.

बाहेर आल्यावर बायको पुन्हा गाडीत बसली. मी म्हटलं, टांगा करू. ती म्हणाली, आज शाळेत चिठ्ठी पाठवा, मी येत नाही म्हणून. आणि मग कॅम्पात चला. कॅम्पात कशाला, असं मी विचारलं नाही. तिला सगळं माहीत होतं. मिस्त्रीच्या दुकानात मी घातलेला धिंगाणा कॅम्पातल्या कुणी ना कुणी तिच्यापर्यंत पोचवलेला होता.

अंबरनाथपासून कॅम्प नंबर तीनपर्यंत मी गाडी माणसाच्या चालीने नेली. प्लग दोनदा काजळले. दोनदा मी खाली उतरून ते घासले आणि ती आत बसून राहिली. कुणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

मिस्त्री दारातच होता. मला बघून त्याने तेलाचा डबा पायाने आत सरकवला. मी बोलायच्या आत बायको उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. तिचं हिंदी शाळेतल्या पुस्तकातलं होतं.

"भाईसाहब, यह निकाल दीजिए। मुझे डर लगता है।"

मिस्त्रीने तिचं ऐकलं, पण तो बघत होता माझ्याकडे. मीही त्याच्याकडे बघत होतो. मग तो आत गेला, फळीवरचं वर्तमानपत्राचं गाठोडं काढलं आणि बायकोला बसायला स्टूल दिलं. त्याच्या घरातून तिच्यासाठी कोकी आली, त्यांची ती जाड कांद्याची भाकर, आणि ताक आलं. संध्याकाळपर्यंत फुंकणी पेटीत गेली होती. मी पैसे विचारले. तो नाही म्हणाला. मी माझ्या अंदाजाने नोटा काढून त्याच्या ऐरणीवर ठेवल्या. त्याने त्या उचलून माझ्या खिशात कोंबल्या. मी भिकारी आहे का, असं मी विचारलं. त्याने मला गप्प बसायला सांगितलं. यावरून आमचं पुन्हा भांडण झालं. शेवटी बायको म्हणाली, पुरे. पुढे दिवाळीनंतर मुलगी झाली, तेव्हा मी पेढे घेऊन त्याच्याकडे गेलो. पेढे घेतले, पैसे नाहीत. ज्याची उधारी माझ्याकडे राहिली असा तो एकटाच माणूस, आणि त्याचा मला अजून राग येतो.

त्या संध्याकाळी परत येताना गाडी पुन्हा पूर्वीसारखी धापा टाकत होती. शीळ नव्हती. पाय उचलला की जोर ओसरत होता. तरी मी पाय पुन्हा पुन्हा उचलून बघत होतो. मी बायकोला विचारलं की तुला खरंच भीती वाटायची का, की माझ्यासाठी म्हणालीस.

ती रस्त्याकडे बघत होती. "गाडीची नाही वाटली कधी. पण त्या मोळीवाल्या बाईने तुम्हाला एवढं सुनावलं आणि तुम्ही गप्प बसलात ना, त्या दिवसापासून वाटायला लागली. तुम्ही कुणाचं ऐकून घेता होय? म्हटलं, आता हे माणूस सावरायचं नाही."

मी गप्प राहिलो. मग लक्षात आलं की मी गप्प आहे. पुढे एक बैलगाडी रस्त्याच्या मधोमध रमतगमत चालली होती, तिची काही चूक नव्हती. मी मान बाहेर काढून गाडीवानाला एक सणसणीत शिवी हासडली. त्याने मागे वळून तेवढ्याच जोराची परत दिली.

बायकोने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. बदलापूर येईपर्यंत मी आणखी दोघांना शिव्या दिल्या.